बुडालेल्या जहाजाचा अर्ज

मास्तर, तुमचा अर्ज सापडला. सोळा वर्षांनी, कचेरीच्या दप्तरखान्यात, वाळवीनं एक कोपरा खाल्लेल्या फायलीत. गेला महिनाभर माझ्याकडे जुन्या फायली निवडायचं काम आहे. कायम जपायच्या त्या 'अ' वर्गात, दहा वर्षांनी जाळायच्या त्या 'क' वर्गात. ही फाईल 'क'ची होती आणि तिची मुदत कधीच भरून गेली होती. जाळायच्या गठ्ठ्यावर टाकण्याआधी आत काय आहे ते यादीत लिहावं लागतं, म्हणून मी ती उघडली, आणि पहिल्याच पानावर माझं तेराव्या वर्षीचं अक्षर समोर आलं. तुम्ही घटवून घेतलेला तो शेंडीफोडा श, रेघेला चिकटून चाललेल्या ओळी, कुठं एक डाग नाही. सगळा अर्ज निळ्या शाईत, आणि अर्जदाराच्या जागी तुमचं नाव. ते तेवढं काळ्या शाईत, तुमच्या हातचं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, आणि मी कधी बोलले नाही. शाळेच्या मोठ्या वर्गात तुमचा फोटो आहे, त्याच्या खाली कलेक्टरांचं पत्र काचेत लावलं आहे: समुद्रात सापडलेलं धन सरकारच्या स्वाधीन करणारे शिक्षक. तुम्हाला मिळालेली बक्षिसी तुम्ही शाळेलाच दिलीत आणि तो वर्ग त्यातूनच उभा राहिला, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दर पंधरा ऑगस्टला फोटोला हार पडतो. दोनदा तो मी घातला आहे, जुनी विद्यार्थिनी म्हणून मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आज मला त्या हातांची किळस येते. मला तुमच्याबद्दल वाईटच बोलायचं आहे, आणि तेही तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. तुम्ही लवकर मेलात, हा तुमचा शेवटचा शहाणपणा.

बाबा बंदरात बुडी मारायचे. आपलं बंदर खडकाळ, गलबतांचे नांगर कपारीत अडकायचे, आणि नांगर अडकला की तांडेल आमच्या दारात माणूस पाठवायचा. कमरेला दोर आणि हातात धोंडा. धोंड्याच्या वजनानं खाली जायचं, नांगर मोकळा करायचा, धोंडा तिथंच सोडून वर यायचं. एका बुडीला एक धोंडा. घरामागं त्यांनी धोंड्यांची रास घालून ठेवलेली असे आणि ती कमी झाली की आम्ही दोघं ओढ्यावरून नवे वेचून आणायचो. आई मी चार वर्षांची असतानाच गेली होती, घरात आम्ही दोघंच. पहिलं मतदान झालं त्याच्या पुढल्या हिवाळ्यात एका गलबताचा नांगर सोडवताना त्यांना तळाशी लाकडाच्या फासळ्या दिसल्या. बुडालेलं जुनं जहाज. वाळूत रुतलेल्या तांब्याच्या विटा, आणि एक घंटा. कुणाचं जहाज, कधी बुडालं, गावात कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. वर आल्यावर ते तांडेलाला एक अक्षर बोलले नाहीत, फक्त किनाऱ्यावरच्या खुणा धरल्या. देवळाचा कळस दोन जुळ्या माडांच्या मधोमध यायला हवा, आणि त्याच वेळी दक्षिणेच्या काळ्या खडकाची शेंडी टेकडीवरच्या वडाखाली. दोन्ही एकदम जुळलं की होडी नेमकी जहाजावर. घरी आल्यावर त्या खुणा त्यांनी मला सांगितल्या. "गो चेडवा, ह्यां तुज्या डोक्यात ठेव. माका काय झाला तर जागो हरवाक नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घंटा वर काढली आणि ती घेऊन ते तडक देवळात गेले. आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय कुणी विहीरही खणत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. गुरवानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान समुद्रातसून वस्तू भायर काढल्यान. ती घेवची की परत सोडची, ता तूच सांग." मी बाबांचा हात धरून पाकळ्यांकडे बघत उभी होते. उजवीकडची पाकळी सुटली. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. बाबांनी घंटा देवापुढं ठेवली आणि गुरवाला म्हणाले, "पयली वस्तू देवाची. बाकीची सरकाराची." ही त्यांची चूक. समुद्राचं पहिलं देवाला, ही गावची रीत, आणि कायद्याच्या पुस्तकात देवाला कुठंच जागा नव्हती.

त्यांना कायदा असतो हे कळलं तेही तुमच्यामुळंच. आदल्या पावसाळ्यात किनाऱ्याला तेलाची पिंपं लागली होती आणि लोकांनी ती पळवली होती, तेव्हा तुम्ही वर्गात सगळं समजावून सांगितलं होतं. बुडालेल्या जहाजाचा माल ज्याला सापडेल त्यानं तो घरात ठेवायचा नाही, विकायचा नाही. लेखी खबर देऊन कस्टमच्या ताब्यात द्यायचा. कस्टमसाहेब नोटीस लावणार, वर्षभरात जहाजाचा धनी आला नाही तर माल सरकारजमा, आणि ज्याच्या नावानं खबर आली त्याला बक्षिसी. जो लपवेल त्याच्यावर खटला. मी घरी येऊन बाबांना हे जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं. म्हणून घंटा देवळात ठेवली त्याच संध्याकाळी ते मला घेऊन तुमच्या पडवीत आले.

"मास्तरांनू," ते म्हणाले, "माका कायदो कळणा नाय. पण माका चोर म्हणून घेवचा नाय. काय लिवचा ता तुमी लिवा."

"बरा केलंस माज्याकडे इलंस," तुम्ही म्हणालात. वर्गात शुद्ध बोलायचात, पण बाबांशी नेहमी आपली बोली. "दुसऱ्या कोणाक सांगलंस?"

"देवाक. आणि गुरवाक."

"आणि जाग्याच्यो खुणो?"

"चेडवाक ठावक आसत."

देवाक म्हटल्यावर तुम्ही हसलात. मग माझ्याकडे वळून शुद्ध भाषेत म्हणालात, "अक्षर हिचं चांगलं आहे, हिलाच लिहू दे." आणि सदऱ्याच्या खिशातून नवं शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलंत. "हे तुझं. पण कागदावर डाग पडला किंवा मध्ये बडबड केलीस तर परत घेईन." आमच्या शाळेत तेव्हा कुणाकडंही पेन नव्हतं, बोरू आणि टाक होते. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. खुणा आल्या तेव्हा तुम्ही थांबलात, त्या माझ्या तोंडून वदवून घेतल्यात, दोनदा, आणि मी त्या लिहिल्या. कळस, जुळे माड, काळा खडक, वड. शेवटी अर्जदाराचं नाव आलं. तुम्ही म्हणालात, ती ओळ मोकळी सोड, नाव साहेबांच्या समोर घालावं लागतं. बाबांनी अंगठा पुढं केला तर म्हणालात, "अंगठो पण थयसरच." बाबांनी जाताना तुमच्या पायाला हात लावला.

चौथ्या दिवशी कस्टमचे शिपाई आणि पोलीस आले ते सरळ देवळात गेले. घंटा उचलली आणि बाबांना धरलं. बाबा सगळ्या गावासमोर सांगत होते, "देवाक इचारून ठेवलंय. लपवलंय खंय?" अकरा दिवस ते कोठडीत होते. कोर्टात त्यांनी कौलाची हकीकत सांगितली तेव्हा लोक हसले, असं गुरव आल्यावर म्हणाला. होडी विकून दंड भरावा लागला. बंदरात बुडी मारायला बंदी आली, आणि बंदी नसती तरी काही उपयोग नव्हता, कारण कस्टमचा डोळा असलेल्या माणसाला कुठला तांडेल आपल्या गलबताजवळ येऊ देणार. पुढं मुंबईहून पाणबुडे आले. पंधरा दिवस तांब्याच्या विटा वर येत होत्या आणि सगळं गाव किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं. तुम्ही साहेबांच्या होडीत छत्री उघडून बसला होतात आणि हातानं खुणा दाखवत होतात, कळस इथं, माड इथं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान छत्री घेऊन बसत नाही.

मला त्या वेळी यातलं काहीच उमगलं नाही, ही तुमची करामत. बाबा सुटून आले आणि तळेऱ्याच्या पलीकडं चिरेखाणीवर कामाला गेले. पंधरा दिवसांतून एकदा घरी येत. मला तुमच्या घरी ठेवलं होतं. पहिल्याच सकाळी, तुमच्या स्वयंपाकघरात, काकी चुलीपाशी नारळ खवत होत्या आणि तुम्ही पेज जेवत होतात, तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, अर्ज दिला होता ना आपण? मग बाबांना का धरलं?" तुम्ही वाटी खाली ठेवलीत. माझ्याकडे बघितलं नाहीत. म्हणालात, "तुझ्या हातून एक ओळ गाळली गेली, पोरी. त्यामुळं साहेबांचा गैरसमज झाला. आता बोलून काय उपयोग. बाबांना विचारू नकोस, त्यांना आणखी वाईट वाटेल." काकींनी खवणं थांबवलं. मग त्या उठल्या आणि मला आणखी एक पळी पेज वाढली. त्यांना माहीत होतं, हे आता कळतं.

एक ओळ, मास्तर. सोळा वर्षं मी ती ओळ शोधते आहे. तो अर्ज मला तोंडपाठ होता, पाळण्यासारखा म्हणता येत होता. विहिरीवर पाणी ओढताना म्हणायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणायची, आणि दर वेळी वाटायचं इथं काहीतरी सुटलं असणार. बाबा पंधरा दिवसांनी यायचे, केसांत आणि भुवयांत चिऱ्याची तांबडी धूळ घेऊन, आणि माझ्याशी फारसं बोलायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांना कळलं आहे. माझ्या हातून झालं म्हणून ते बोलत नाहीत. घरामागची धोंड्यांची रास तशीच पडून राहिली, तिच्यात सापांनी घर केलं. मी तिच्याकडे बघत नसे. तुम्ही मला हायस्कुलात घातलंत, रोज पहाटे उठवून इंग्रजी घोकून घेतलंत, मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा गावभर पेढे वाटलेत, आणि मी मनात म्हणत होते, केवढं मन या माणसाचं, ज्या पोरीनं बापाला बुडवलं तिला यानं तारलं. पुढल्याच वर्षी तुम्ही गेलात. मी तुमच्या दारात आडवी पडून रडले. बाबा आले होते, पण पडवीच्या पायरीवर नाही चढले. अंगणातल्या फणसाखाली उभे राहिले आणि तुम्हाला बाहेर काढल्यावर माघारी गेले. मला त्यांचा राग आला होता.

फायलीत दुसरंही पान आहे. ते तुम्ही मला लिहायला दिलं नव्हतंत, ते सगळंच काळ्या शाईत आहे. 'सदर जहाजावरील एक घंटा गावातील एका बुडी मारणाऱ्या इसमाने परस्पर काढून देवळात ठेवल्याचे समजते. तरी योग्य ती चौकशी व्हावी.' इसमाने. तुमच्या पायाला हात लावून गेलेला माणूस, ज्याची मुलगी तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, त्याचं तुम्ही नावसुद्धा लिहिलं नाहीत. त्याचं नाव कागदावर आलं असतं तर सापडलं कुणाला हा प्रश्न निघाला असता. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, आणि केस माझे वापरलेत. पैशासाठी केलं असतंत तर मी तुम्हाला एक हलकट माणूस म्हणून सोडून दिलं असतं. तुम्हाला नाव हवं होतं, काचेत लावायला. तुम्ही परत भेटलात तर मी तुमच्या तोंडावर थुंकेन, काकींच्या देखत थुंकेन, आणि मग तुम्हाला ती ओळ विचारेन.

परवा मी दोन्ही पानं उतरवून घेतली आणि संध्याकाळी घरी बाबांना वाचून दाखवली. ते आता माझ्याकडंच असतात. कचेरीच्या मागच्या आळीत जागा घेतली तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती, दार पूर्वेला हवं, समुद्र दिसायला नको. छातीत चिऱ्याची धूळ बसली आहे, चार पावलं चालले की थांबतात. ते सुपारी कातरत ऐकत होते. वाचून झालं तरी अडकित्ता चालूच.

"होय गो," ते म्हणाले, "माका ठावक आसा. कोर्टात कारकुनान खबर देणाऱ्याचा नाव वाचल्यान तेवाच कळला."

"मगे तुमी गप कित्याक रवलात?" कचेरीत दिवसभर शुद्ध बोलते, पण त्या वेळी तोंडातून तेच आलं.

"सुटून इलंय तसो तेच्या पडवेत गेलंय. कोयतो घेवन गेल्लंय. माका बघून तो खांब धरून उभो रवलो. मी म्हटलंय, मास्तरांनू, माजो समुद्र तुमी घेतलात. आता ह्या चेडवाक मॅट्रिक करा. केलात तर मी तोंड उघडूचंय नाय." अडकित्ता थोडा थांबला. "तुका सांगलंय आसतंय तर तू थयसर जेवली नसतंस."

तर असं होतं, मास्तर. तुमचं मन मोठं नव्हतं, कोयता मोठा होता. माझं इंग्रजी, माझी नोकरी, ज्या खुर्चीवर बसून मी ही फाईल उघडली ती खुर्चीसुद्धा, त्यांनी आपला समुद्र देऊन तुमच्याकडून घेतली. मग मी त्यांना ती गाळलेल्या ओळीची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊक नव्हती. सोळा वर्षं आम्ही दोघं एकमेकांपासून एकेक गोष्ट लपवून बसलो होतो, दोन्ही तुमच्याच. त्यांनी सुपारी ताटलीत ठेवली.

"असा सांगल्यान? माज्या चेडवाक?"

मी मान हलवली.

"कोयतो मारूक व्हयो होतो," ते म्हणाले.

काल मी ठरवलं होतं की ही पानं शाळेत तुमच्या फोटोखाली चिकटवायची, कलेक्टरांच्या पत्राशेजारी. फाटकापर्यंत गेलेही. आत पोरं तुमच्या वर्गात बसून पाढे म्हणत होती, आणि मला वाटलं, चिकटवलेलं उद्या कुणीतरी फाडेल, गाव तुमच्याच बाजूचं आहे. मी कारकून आहे, मास्तर, तुम्हीच केलेली. कारकुनाला सूड घ्यायचा तर त्याची रीत वेगळी. आज सकाळी मी जाळायच्या यादीतून ती फाईल काढली, वरचा 'क' खोडला आणि 'अ' घातला. कायम जतन. शेरा लिहिला, त्याखाली सही घेतली, साहेब वाचत बसत नाहीत. आता तुमचा फोटो पडेल, काच फुटेल, वर्गाचे चिरे ढासळतील, आणि ती दोन पानं राहतील. निळा अर्ज आणि काळं नाव. जो उघडेल त्याला शाईवरून कळेल. दुसऱ्या पानावरच्या इसमाचं नाव काय होतं, ते मी यादीत मालाच्या वर्णनाशेजारी पूर्ण लिहिलं आहे, वडिलांच्या नावासकट, आणि पुढं लिहिलं आहे, शोध लावणारा.

हे पत्रही त्याच फायलीत तिसरं पान म्हणून लावायचं असं ठरवून मी लिहायला बसले. वर पानाचा आकडाही घातला आहे. पण आता ते लावता येत नाही, आणि त्याचं कारण एवढंच की ती ओळ मला सापडली. अर्ज तोंडपाठ म्हणताना जी कधीच तोंडात येत नव्हती, कारण ती मी लिहिलीच नव्हती. अर्जदाराचं नाव. त्या संध्याकाळी पेनाचं टोक त्या ओळीवर टेकलं होतं, बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर जवळजवळ उमटलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, मोकळी सोड. ज्याच्या नावानं खबर त्याची बक्षिसी, हे तुम्हीच वर्गात सांगितलेलं मला पाठ होतं. मग नाव का नको, हा प्रश्न माझ्या ओठापर्यंत आला होता. बाबांना तो सुचणं शक्य नव्हतं, पडवीत तो एकट्या मला सुचला होता. पण बडबड केली तर तुम्ही पेन परत घेणार होतात. मी ओळ मोकळी सोडली, पेनाला टोपण लावलं आणि ते परकराच्या ओच्यात घट्ट धरून घरी आले.